नात्याचा रकाना

आमच्या कंपनीचं काम सांगितलं की लोक जांभई देतात, म्हणून थोडक्यात सांगते. एका बँकेला दुसऱ्या बँकेला खात्याबद्दल काही कळवायचं असतं. खातं उघडलं, पत्ता बदलला, सही करणारा माणूस बदलला, खातं बंद झालं. हे सगळं ठरलेल्या साच्यात, ठरलेल्या रकान्यांत लिहावं लागतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर समोरची बँक तो संदेश परत धाडते. असे संदेश बनवून देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो आणि ते नीट चालतं की नाही हे मी तपासते.

तपासायला एक खातेदार लागतो. खऱ्या माणसाची माहिती वापरून कसं चालेल? म्हणून आमच्याकडे एक खोटी बाई होती. तिच्या नावाच्या रकान्यात कुणीतरी कधीकाळी 'नमुना' एवढंच लिहून ठेवलं होतं. ऑफिसात नमुने पुष्कळ होते, पण सगळे तिलाच नमुना म्हणत. मी तिचं खातं कैक वेळा उघडलं होतं, तिला गावोगाव हलवलं होतं, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी कारणाच्या रकान्यात 'निधन' निवडून तिचं खातं बंदही केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत जिवंत. ज्या संगणकावर हे चाले त्याला बाहेरच्या कुठल्याही बँकेची तार जोडलेली नव्हती. संदेश तयार होत, एका फोल्डरमध्ये पडत आणि आठवड्याअखेर पुसले जात.

घरी मी आणि बाबा. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. आई गेल्यावर त्यांनी ते विकलं आणि त्यांचं बोलणंही जणू दुकानाबरोबरच गेलं. खिडकीशी बसून ते जुन्या फ्रेमा मऊ फडक्यानं पुसत राहत. दादा परगावी. मी एकुलती लेक, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा तोरा होता. बाबांना सांभाळते ती मीच, असा.

त्या वर्षी साच्याची नवी आवृत्ती आली. खातेदाराचा किमान एक नातेवाईक नोंदवणं आता बंधनकारक झालं होतं. नमुनाला कुणीच नव्हतं. संदेश तयारच होईना. नातेवाइकाचं नाव, जन्मस्थान, पत्ता, सगळं हवं. खोटं भरलं की प्रणाली कुठे ना कुठे अडायची. जन्मस्थानाचा आणि पत्त्याचा मेळ बसायचा नाही. आमच्या टीमचा प्रमुख, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, मागून डोकावला आणि म्हणाला, "घरातल्या कुणाची तरी माहिती टाक ना बाई, त्यांना विचारून. पुसूनच टाकायचीय."

मी जेवणाच्या सुटीत बाबांना फोन केला. त्यांना भारीच गंमत वाटली.

"म्हणजे मला या वयात मुलगी झाली म्हणायची?"

"कागदोपत्री. चालेल ना?"

"चालेल की. तुझ्यापेक्षा मोठी की धाकटी?"

मी नमुनाची जन्मतारीख पाहिली. "दादापेक्षाही मोठी आहे, बाबा."

"मग थोरली," ते म्हणाले आणि हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मग मी विचारत गेले, ते सांगत गेले. संदेश पहिल्या फटक्यात तयार झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर दोन कप धुऊन उपडे घातलेले.

"तुमच्या ऑफिसातल्या बाई आल्या होत्या," बाबा म्हणाले. "काल सांगितलेलं सगळं बरोबर आहे का ते पडताळायला."

आमच्या ऑफिसातून कोणी कोणाच्या घरी जात नाही. मी खांद्यावरची पर्स न काढताच विचारलं, "काय काय विचारलं तिनं? काही सही केली का? कार्ड दाखवलं?"

"अगं, काही नाही. ती विचारत होती, मी हो म्हणत होतो. माझं जन्मगाव तिला आधीच ठाऊक होतं."

मी कॅप्टनला विचारलं. त्यानं कुणाला पाठवलं नव्हतं. दादाला फोन केला. तो तडकलाच. "ही भामट्यांची टोळी असते, छोटे. एकट्या म्हाताऱ्या माणसाला आधी बोलून बोलून घोळात घेतात. बाबांना सांग, दार उघडायचं नाही."

बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. ओट्यावर दोन कप मात्र रोज उपडे पडू लागले.

खाली पहारेकरी बसतो. त्याला विचारलं तेव्हा तो जरा गोंधळला. "कोण? तुमच्या बहीण ना? मी कशाला अडवू?"

"बहीण आहे असं त्या म्हणाल्या?"

"म्हणाल्या नाहीत काही." त्यानं डोकं खाजवलं. "पण आहेत ना?"

इतकं होऊनही मी पोलिसांकडे गेले नाही, याचं कारण बाबा. ते रोज दाढी करू लागले होते. शर्टाची बटणं नीट लावू लागले होते. फ्रेमा एका खोक्यात भरून त्यांनी खिडकी मोकळी केली. मी आले की बोलत, भरभरून बोलत, आणि सगळं तिच्याबद्दल.

"तिला चष्मा लागत नाही," एकदा ते म्हणाले. "मी तपासले डोळे. दोन्ही शून्य. आणि गंमत सांगू? दोन्ही डोळे अगदी एकसारखे आहेत. माणसाचा डावा आणि उजवा डोळा कधी सारखा नसतो. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत पाहिलं मी. असं कधी पाहिलं नाही."

"तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"सुबक वाटलं," बाबा म्हणाले.

आणखी एकदा म्हणाले, "बोलते मात्र तुटक. लांब वाक्य असलं की मध्येच थांबते, अगदी शब्दाच्या मध्यावर. जसा कागदच संपला. मग परत पुढून सुरू करते. सवय होते त्याची."

मी घास तोंडात तसाच धरून बसले. आमच्या साच्यात एका ओळीत ठरावीकच अक्षरं मावतात. मजकूर लांबला की प्रणाली तो असेल तिथे तोडते आणि उरलेला पुढच्या ओळीत ढकलते.

मी शंकेखोर स्वभावाची आहे, त्याचाच पगार मिळतो मला. शंका आली की एकच गोष्ट बदलायची, बाकी काही हलवायचं नाही आणि काय होतं ते बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नमुनाच्या नोंदीत व्यवसायाचा रकाना उघडला. तिथे 'शिक्षिका' होतं, आणि बाबाही ती शाळेत शिकवते असंच सांगत. मी 'परिचारिका' केलं. कोणाला काही बोलले नाही.

संध्याकाळी बाबा आरामखुर्चीत होते. शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

"थोरलीनं आज नाडी पाहिली," ते म्हणाले. "दवाखान्यात काम करते ना ती. हात काय हलका आहे तिचा!"

"शाळेत शिकवते म्हणाला होतात तुम्ही."

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मी? छे. कधीच नाही."

मग मी रजा काढली.

दुपार होती. जेवणं झालेली. पडदा अर्धा सरकवलेला, समोरच्या इमारतीच्या काचांवरून परावर्तित झालेलं ऊन छतावर पडलेलं. मी आतल्या खोलीत दार किलकिलं ठेवून बसले होते. बेल वाजली नाही. पायऱ्यांवर पावलंही वाजली नाहीत. बाबा मात्र कुणीतरी हाक मारल्यासारखे उठले आणि त्यांनी दार उघडलं.

"ये," ते म्हणाले.

मी बाहेर आले. दारात एक बाई उभी होती. नाकीडोळी नीटस. कपडे फिकट, घडी न मोडलेले. मी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि नजर बाजूला गेली की तिचा चेहरा आठवेना. पुन्हा पाहावं लागे.

"ही धाकटी," बाबा तिला म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली.

ती खुर्चीत बसली. बाबांच्या चहात तिनं साखर घातली. किती ते विचारलं नाही, आणि ती बरोबर पडली. मी उभीच होते.

"तुम्ही कोण?"

"मुलगी."

"कोणाची?"

"यांची. तशी नोंद आहे."

"ती नोंद मी केलीय," मी म्हणाले. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"हो. त्याआधी ती जागा रिकामी होती. रिकाम्या जागेत राहणं फार अव—"

ती थांबली. तोंड तसंच उघडं. खोलीत काहीच हललं नाही. बाबा शांतपणे चहा फुंकत होते.

"—घड असतं," ती म्हणाली.

"तुमचं लहानपण कुठं गेलं?"

"ते सांगणं बंधनकारक नाही."

बाबा खळखळून हसले. "असंच बोलते ही! पहिल्यापासून असंच."

"बाबा, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

ती कप ठेवून माझ्याकडे वळली. दोन डोळे, अगदी एकसारखे.

"तुम्ही मला पुष्कळदा बंद केलंत," ती म्हणाली. "कारण, निधन."

"ती चाचणी होती."

"हो. दर वेळी परत उघडलंतही. म्हणून मी काही म्हणत नाही."

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. खिडकीतली कुंडी कोरडी पडलीय, हे सांगावं तशी ती बोलली. मग उठून तिनं दोन्ही कप धुतले, ओट्यावर उपडे घातले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत माझ्या हाताखाली त्यांनी असे डोळे कधी मिटले नव्हते. मला तेव्हा भीती वाटत होती यात शंका नाही. पण भीतीपेक्षा जास्त जे वाटलं ते अगदी साधं होतं. मला तिचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल ठेवल्या ठेवल्या मी नमुनाची नोंद उघडली. नातेवाईक, बाबांचं नाव. नातं, मुलगी. त्या ओळीपुढचं काढून टाकण्याचं बटण दाबलं.

पडद्यावर चौकट आली. 'या व्यक्तीला मुलगी असल्याची नोंद राहणार नाही. पुढे जायचं?'

हा मजकूर आम्हीच लिहिलेला होता. मी तो शेकडो वेळा वाचला होता. 'हो' दाबलं आणि दिवसभर कसलीही चूक न करता काम केलं.

संध्याकाळी किल्ली फिरवली तर दार आतून साखळीवर होतं. बाबांचा चेहरा फटीत दिसला.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"बाबा, मी."

"तुमच्याकडे किल्ली कशी?"

मला वाटलं, काल मी तिच्याशी तुसडेपणानं वागले म्हणून रुसलेत. "बाबा, उघडा ना. पाय दुखताहेत."

त्यांनी उघडलं. त्यांच्या स्वभावात दारातून कुणाला हाकलणं नाही. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. दुकानात गिऱ्हाइकाला देत तसं, पेल्याखाली बशी धरून.

"तुमचा काहीतरी घोटाळा झालेला दिसतो, बाई," ते म्हणाले. "मला एक मुलगा आहे. परगावी असतो. मुलगी नाही मला."

"बाबा..."

"पुष्कळ इच्छा होती हिची. माझ्या बायकोची. पण नाही झाली." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत नुसती माया होती, कुणाही परक्याला वाटता येईल अशी. "डोळे बारीक करून पाहताय. नंबर वाढलाय तुमचा. तपासून घ्या."

त्यांच्यामागे आतल्या खोलीचं दार उघडं होतं. माझी खोली. तिथे पलंग नव्हता. जुन्या फ्रेमांची खोकी भिंतीला लावून रचलेली होती, आणि त्यांच्यावर धूळ होती.

मी बाहेर जिन्यात येऊन दादाला फोन लावला.

"बोल छोटे," तो म्हणाला, आणि ते ऐकून मी जिन्यातच बसले.

"दादा, बाबा मला ओळखत नाहीयेत."

"कोण बाबा? माझे? तू कधी भेटलीस त्यांना?"

मी फोन बंद केला.

ऑफिस अजून उघडं होतं. कॅप्टन जायला निघाला होता. माझ्याकडे पाहून त्यानं खांद्यावरची बॅग परत खाली ठेवली. "काय झालं? पांढरी फटक पडलीयेस."

"एक नोंद चुकून काढली. परत घालते."

"उद्या घाल की."

"नाही."

मी बाबांचं नाव घातलं. जन्मस्थान घातलं. नातं, मुलगी. प्रणालीनं संदेश नाकारला. खातेदाराचा पत्ता रिकामा. नमुनाचा पत्ता तिथे नेहमी असे, आता नव्हता. मी जुना पत्ता टाकून पाहिला. नाकारला. दुसरा टाकला. नाकारला. रकान्याच्या शेजारी एक छोटी चौकट होती, नव्या आवृत्तीतली. 'नातेवाइकाचा पत्ता तोच.'

मी तिच्यावर बोट धरून बसले. कॅप्टन मागे उभा होता. त्याला वाटलं मला सुचत नाहीये.

"तोच पत्ता दे ना," तो म्हणाला. "मुलगी बापाकडेच राहणार."

मी खूण केली. संदेश तयार झाला.

घरी बाबांनी दार उघडलं. साखळी नव्हती. "किती उशीर गं! थोरली केव्हाची थांबलीय जेवायला."

टेबलावर तीन ताटं होती. माझ्या खोलीत माझा पलंग होता. त्याच्यालगत दुसरा, चादरीला एकही सुरकुती नसलेला.

त्याला आता बरेच दिवस झाले. मी रोज कामाला जाते. निधनाच्या चाचणीसाठी मी वेगळा खातेदार बनवायला लावला आणि कॅप्टननं कारण विचारलं नाही. नमुनाच्या नोंदीला मी हात लावत नाही, दुसऱ्या कुणालाही लावू देत नाही. घरी ती असते. कामं करते, कमी बोलते, बाबांच्या गोळ्यांच्या वेळा चुकवत नाही. बाबांचं वजन वाढलंय. दोघी मिळून त्यांना सांभाळतो असं लोक म्हणतात आणि आमचं कौतुक करतात.

गेल्या महिन्यात दादा येऊन गेला. मी त्याची वाट पाहत होते. भामटे, टोळी, दार उघडू नका म्हणणारा तो एकच होता. तो आत आला, बॅग टाकली आणि वाकून तिच्या पाया पडला. "ताई, बारीक झालीस गं."

तो निघायच्या वेळी मी त्याला खाली गाडीपर्यंत सोडायला गेले. "दादा, ताईचं लहानपणीचं काही आठवतं तुला?"

"काहीतरीच विचारतेस. न आठवायला काय झालं?"

"काय आठवतं?"

तो गाडीत बसता बसता हसला. "तुला सायकल शिकवायची ना ती. त्या उतारावर."

माझ्या डाव्या कोपरावर एक जुना व्रण आहे. तो कसा झाला हे मला पक्कं माहीत होतं. मी एकटीच होते, सायकल घसरली आणि मी खडीवर पडले.

गाडी गेली. मी तिथेच उभी राहून कोपर चोळत होते, आणि मला तो उतार दिसला. खाली पसरलेली खडी दिसली. सीटच्या मागे धरलेला हात दिसला. तो हात तिचा होता, आणि तो निसटला नव्हता. तिनं सोडला होता.

का सोडला, तेही आता थोडं थोडं आठवायला लागलंय.